या आठवड्यात शाळेत काय शिकवलं?



गटाची बैठक सुरू झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. बचत आली का सगळ्यांची? कोणाचा हप्ता राहिला? सचिव वही उघडते आणि आठवड्याचा हिशेब सगळ्यांसमोर येतो. एखादीचा एक हप्ता चुकला तरी आपल्याला लगेच कळतं. पण आपली लेकरं आठवडाभर शाळेत जातात, त्यांनी या आठवड्यात काय शिकलं, हे आपल्यापैकी कितीजणींना सांगता येईल? मला तरी येत नव्हतं. म्हणून आधी माझीच गोष्ट सांगते.

माझी थोरली लेक तेव्हा तिसरीत होती. गटाच्या कर्जातून मी भाजीचा धंदा नुकताच सुरू केला होता. आमच्याकडे सोमवारी आठवडी बाजार असतो. त्या दिवशी मी बाजारात, सासूबाई शेतात, मग दीड वर्षाच्या धाकट्याला कोण सांभाळणार? म्हणून लेक दर सोमवारी घरी राहायची. एकच तर दिवस, असं वाटायचं. प्रगतिपुस्तक आलं की मी सही करायची आणि फळीवर ठेवून द्यायची.

एकदा बाजारातून आल्यावर सहज तिला म्हटलं, "बावन्न रुपयांतून सत्तावीस दिले, किती उरले गं?" ती बोटं मोजत बसली. मग कागदावर मांडायला सांगितलं. तिनं लिहिलं, पस्तीस. मी म्हटलं, अगं, बावन्नातले पन्नास धर, त्यातून सत्तावीस दिले तर पस्तीस कसे उरतील? ती म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालवले."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. मनात राग होता, की शाळेत शिकवतात तरी काय! बाईंनी शांतपणे त्यांची टाचण वही काढली. टाचण म्हणजे कोणत्या दिवशी काय शिकवायचं याची शिक्षकांनी आधीच करून ठेवलेली नोंद. बाई म्हणाल्या, "ताई, नवीन भाग मी बहुतेक सोमवारी सुरू करते. मंगळवार-बुधवार सराव, शेवटी उजळणी. तुमची लेक सरावाला असते, पण समजावून सांगते तेव्हा नसते. आमची दोन शिक्षकांची शाळा, मी एकटी तीन वर्ग बघते. तरी मी तुम्हाला निरोप पाठवायला हवा होता."

घरी येताना मी हिशेब केला. सहा दिवसांतला एक दिवस. वर्षाची शाळा दोनशे दिवस धरली तर तेहतीस दिवस होतात. म्हणजे महिनाभराच्या वर शाळा बुडाली होती. आणि ती दुसऱ्या कोणी नाही, मीच बुडवली होती.

त्यानंतर बाईंकडून आणि वाचून-विचारून मला जे कळलं, ते सगळ्या ताईंसाठी इथे मांडते.

शाळेचा आठवडा कसा असतो

सकाळी परिपाठ असतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, बोधकथा. मूल चारचौघांत उभं राहून बोलायला इथेच शिकतं. मग तासिका. पहिली-दुसरीत मुख्य विषय तीन: मराठी, गणित आणि इंग्रजी. त्याबरोबर कला, कार्यानुभव आणि खेळ. तिसरीपासून परिसर अभ्यास येतो. त्यात पाणी, शेती, नकाशा, आपला जिल्हा अशा गोष्टी असतात. चौथीत शिवाजी महाराजांचा इतिहास असतो. शनिवारी सकाळची शाळा असते आणि बऱ्याच शाळांत त्या दिवशी दप्तराशिवाय खेळ, गाणी, हस्तकला, योगासनं घेतात. तोही अभ्यासच आहे. "शनिवारी काही शिकवत नाहीत" म्हणून मुलाला घरी ठेवू नका.

पुस्तकं अधूनमधून बदलतात. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे खालच्या वर्गांपासून टप्प्याटप्प्यानं नवी पुस्तकं येत आहेत. तरी पाया तोच राहतो: वाचलेलं समजणं आणि साधा हिशेब येणं.

कोणत्या वर्गात काय यायला हवं

२०२१ मध्ये केंद्र सरकारनं 'निपुण भारत' हे अभियान सुरू केलं. तिसरीच्या शेवटापर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, हा त्याचा हेतू. त्यासाठी २०२६-२७ पर्यंतची मुदत ठरवली आहे. प्रत्येक वर्गाला काय यावं हेही त्यात ठरवलं आहे. आपल्या भाषेत ते असं:

पहिलीच्या शेवटी: चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं, तीही आधी न पाहिलेली, वाचता यावीत. ९९ पर्यंतचे अंक वाचता-लिहिता यावेत. साधी बेरीज-वजाबाकी यावी.

दुसरीच्या शेवटी: मिनिटाला ४५ ते ६० शब्द, समजून वाचता यावेत. ९९९ पर्यंतचे अंक यावेत. ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी यावी.

तिसरीच्या शेवटी: मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचता यावेत. ९९९९ पर्यंतचे अंक यावेत. गुणाकाराची सोपी उदाहरणं सोडवता यावीत.

घड्याळ लावून लेकराला पळवायचं नाही, बरं का. वेग एवढ्यासाठीच बघतात, की एकेक अक्षर जोडत बसलं तर वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरून जाते आणि अर्थ लागत नाही.

चौथी-पाचवीत भागाकार, अपूर्णांक, मोजमापं, मोठे उतारे येतात. आपल्या राज्यात पाचवीला आता वार्षिक परीक्षा असते. त्यात कमी पडलं तर पुन्हा परीक्षा देता येते, आणि तिथंही नाही जमलं तर मुलाला त्याच वर्गात ठेवता येतं. म्हणून पाचवीत जाऊन जागं होण्यापेक्षा दुसरी-तिसरीतच लक्ष दिलेलं बरं. थकबाकी चार हप्त्यांची असते तोवर फेडता येते, चार वर्षांची झाली की अवघड जाते. अभ्यासाचंही तसंच आहे. ज्याला दशक-एकक समजलं नाही त्याला हातच्याची वजाबाकी येत नाही, आणि वजाबाकी आली नाही तर भागाकार अडतो.

वही भरली म्हणजे आलं, असं नाही

आपण वही उघडतो, पानं भरलेली दिसतात, लाल पेनाची खूण दिसते आणि आपलं समाधान होतं. पण फळ्यावरचं उतरवून काढलं तरी वही भरते. पुस्तकातला धडा ऐकून ऐकून पाठ झाला, तरी मूल घडाघडा वाचल्यासारखं म्हणतं. माझी लेक तर चित्र बघून धडा ओळखायची आणि पानभर म्हणून दाखवायची.

हे ओळखायला आपल्याला वाचता यायलाच हवं असं नाही. पुढच्या गोष्टी करून बघा:

१. मुलाला बोट ठेवून वाचायला सांगा. बोट आणि तोंड बरोबर चालतंय का बघा. बोट एकीकडे आणि शब्द दुसरीकडे असेल तर पाठांतर आहे.

२. मधल्याच एका शब्दावर आपण बोट ठेवा आणि विचारा, हा कोणता शब्द? एका कागदावर तो शब्द त्याला लिहून ठेवायला सांगा. थोड्या वेळानं पुस्तक मिटून तोच कागद वाचायला द्या. दोन्ही वेळा एकच शब्द आला पाहिजे.

३. पुस्तकाबाहेरचं वाचायला द्या. बियाण्याचं पाकीट, खताची पिशवी, एसटीची पाटी, रेशन दुकानाचा फळा, लग्नपत्रिका. घरात पुस्तक नाही म्हणून अडत नाही.

४. वाचून झाल्यावर विचारा, "काय झालं त्या गोष्टीत? मला तुझ्या शब्दांत सांग." सांगता आलं तर समजलं.

आणि "अभ्यास झाला का?" हे विचारणं सोडून द्या. त्याला मूल फक्त "हो" म्हणतं. त्यापेक्षा "आज बाईंनी नवीन काय सांगितलं? ते मला शिकव," असं म्हणा. आईला शिकवायला मुलांना फार आवडतं. भाकरी थापता थापता हे होतं, वेगळा वेळ लागत नाही.

दहाच्या नोटा आणि सुटे

आता ती पस्तीसची चूक कशी सुधारली ते सांगते. ही चूक खूप मुलं करतात. वरच्या दोनातून खालचे सात जात नाहीत, म्हणून उलट करून मोकळी होतात. बाईंनी मला घरी करायला एक उपाय सांगितला.

दहाच्या पाच नोटा आणि एक रुपयाची दोन नाणी मुलापुढे ठेवा. हे झाले बावन्न. आता म्हणा, "मी दुकानदार. मला सत्तावीस दे." म्हणजे दोन नोटा आणि सात सुटे द्यायचे. पण सुटे तर दोनच आहेत! मग मूल काय करेल? बाजारात आपण करतो तेच. एक नोट मोडायची. एक दहाची नोट देऊन दहा नाणी घ्यायची. आता चार नोटा आणि बारा सुटे झाले. बारातून सात दिले, पाच उरले. चार नोटांतून दोन दिल्या, दोन उरल्या. हातात राहिले पंचवीस.

शाळेत यालाच दशक सुटा करणं म्हणतात. नोट म्हणजे दशक, सुटे म्हणजे एकक. घरात तेवढ्या नोटा नसतील तर दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधा आणि काही काड्या सुट्या ठेवा. जुडी सोडली की दहा काड्या सुट्या होतात. माझ्या लेकीला हे तीन संध्याकाळींत उमगलं. पाटीवर आकडे मांडणं मात्र नोटांचा खेळ पक्का झाल्यावरच सुरू केलं.

"पन्नास तीन" म्हणजे काय?

बऱ्याच ताया विचारतात, शाळेत मुलांना "त्रेपन्न" सोडून "पन्नास तीन" का शिकवतात? २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ही पद्धत आली तेव्हा राज्यभर मोठी चर्चा झाली होती.

कारण साधं आहे. "त्रेपन्न" म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि पन्नास मागून. लिहिताना मात्र पाच आधी आणि तीन नंतर. त्यामुळे लहान मुलं ५३ च्या जागी ३५ लिहून बसतात. "पन्नास तीन" म्हटलं की जसं ऐकलं तसं लिहिता येतं. त्या पुस्तकात "त्रेपन्न" काढून टाकलेलं नव्हतं, दोन्ही दिलेलं होतं. म्हणून घरी मूल "पन्नास तीन" म्हणालं तर हसू नका. म्हणा, "बरोबर, आणि त्यालाच आपण त्रेपन्न म्हणतो." बाजारात त्रेपन्नच चालतं, तेही यायला हवं.

घरची बोली आडवी येत नाही

आपल्यातल्या काही घरांत अहिराणी बोलतात, काही ठिकाणी वऱ्हाडी, कुठे कोरकू, गोंडी, पावरी. शाळेच्या पुस्तकातली मराठी वेगळी. मुलाला वस्तू माहीत असते, पण पुस्तकातला शब्द माहीत नसतो, आणि आपण म्हणतो, याला काही येत नाही. तसं नसतं. घरच्या बोलीत गोष्टी सांगा, कोडी घाला, गाणी म्हणा. ज्याला आपल्या बोलीत नीट सांगता येतं त्याला दुसरी भाषा लवकर येते. बाईंनाही सांगा, आमच्यात याला असं म्हणतात.

इंग्रजीचंही थोडं सांगते. पहिलीपासून इंग्रजी आहे, पण सुरुवातीला भर ऐकण्या-बोलण्यावर असतो. गाणी, सूचना, ओळखीचे शब्द. स्पेलिंगं पाठ नाहीत म्हणून लगेच शिकवणीची फी भरायची घाई करू नका. आधी मराठी वाचन पक्कं होऊ द्या.

शाळेत काय विचारायचं

शाळेत जायला आपल्याला संकोच वाटतो. आपण शिकलेलो नाही, काय बोलायचं? पण हे मागणं काही उपकाराचं नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. शिक्षकांनी पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती पालकांना सांगावी, असं त्या कायद्यातच म्हटलं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आपल्या गटातली एखादी ताई त्या समितीत आहे का, नुसती सहीपुरती आहे की बैठकीला जाते, हेही बघा.

शाळेत गेलात की हे तीन प्रश्न विचारा:

या आठवड्यात भाषेत आणि गणितात काय चालू आहे?

माझं मूल नेमकं कुठे अडतं?

घरी मी काय करून घेऊ?

"माझा पोरगा हुशार आहे का?" असं विचारलं तर "बरा आहे" एवढंच उत्तर मिळतं. "कुठे अडतं?" विचारलं तर शिक्षकांनाही वही उघडून बघावी लागते. श्रेणीचंही तसंच. प्रगतिपुस्तकात 'ब' लिहिलेलं असेल तर त्यावरून काय येतं आणि काय राहिलं ते कळत नाही. ते तोंडी विचारून घ्या.

शिक्षकांची बाजूही समजून घेऊ या. साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला कायद्यानं दोन शिक्षक असतात. म्हणजे एकाच शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग. त्यात माहिती भरायची, अहवाल द्यायचे. भांडायला गेलो तर दार बंद होतं. "आम्ही घरी एवढं करतो, तुम्ही एवढं सांगा," असं म्हटलं तर बहुतेक शिक्षक आनंदानं सांगतात.

ज्या ताया दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात त्यांनी निघण्याआधी शाळेतून मुलाचं शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं. ते दाखवून जिथे जाल तिथल्या शाळेत मुलाला बसवता येतं. आणि शक्य असेल तर मुलाला आजीजवळ ठेवून शाळा सुरू ठेवता येते का, हे घरात आधीच बोला. फडावर गेल्यावर ते बोलणं होत नाही.

बैठकीत दहा मिनिटं

आपल्या दशसूत्रीत शिक्षणाबद्दलची जागरूकता हेही एक सूत्र आहे. पण बैठकीत बचत आणि कर्ज झालं की आपण उठतो. त्या आधी दहा मिनिटं काढा. पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी राज्यात २०२२ मध्ये 'पहिले पाऊल' हे अभियान सुरू झालं, तेव्हा वस्तीवस्तीवर मातांचे गट तयार झाले होते आणि घरी करून घेण्याच्या छोट्या कृती त्यांना दर आठवड्याला दिल्या जायच्या. तुमच्या गावात असा माता गट असेल तर त्यालाच हात द्या. नसेल तर बचत गटाचीच बैठक आहे.

आम्ही असं करतो. प्रत्येकीनं एकच वाक्य सांगायचं: या आठवड्यात माझं मूल काय नवीन शिकलं. ज्या ताईला सांगता आलं नाही तिनं पुढच्या वेळी विचारून यायचं. एका इयत्तेची मुलं असलेल्या आयांनी मिळून एकीनं शाळेत जाऊन बाईंना विचारायचं आणि बाकीच्यांना सांगायचं. कोण किती दिवस गैरहजर राहिलं आणि का, हेही बोलायचं.

दोन नियम मात्र कडक ठेवले आहेत. एक, कोणाच्या मुलाची तुलना कोणाशी करायची नाही. तुझा पुढे, माझा मागे, हे बैठकीत आलं की ताया खरं सांगणं बंद करतात. दोन, अभ्यासावरून मारायचं नाही. मार बसला की मूल चूक लपवायला शिकतं, आणि लपवलेली चूक आपल्याला दिसत नाही.

माझ्या सोमवारचं काय झालं? मी बैठकीत मोकळेपणी सांगितलं. तेव्हा कळलं, बाजारच्या दिवशी पोरी घरी ठेवणारी मी एकटी नव्हते. आमच्या गटात अशा चौघी निघाल्या. आणि चौघींनीही घरी मुलगीच ठेवलेली, मुलगा नाही. हे ऐकून थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग ठरलं, पाळीपाळीनं एका ताईनं बाजाराला न जाता चारही घरांची लहान मुलं सांभाळायची. तिची भाजी बाकीच्या तिघी विकून आणणार आणि पैसे त्याच संध्याकाळी तिच्या हातात देणार. पहिल्या महिन्यात पैशावरून जरा कुरकुर झाली, म्हणून आता तेही वहीत लिहितो.

लेक आता चौथीत आहे. भागाकारात अजून अडखळते. पण कुठे अडखळते ते आता मला माहीत आहे, आणि सोमवारी ती शाळेत असते.

तुमच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की एकदा विचारून बघा: या आठवड्यात शाळेत काय शिकवलं? आणि बाजाराच्या दिवशी आपल्यापैकी कोणाची मुलगी घरी आहे?